साठलेल्या पाण्यात पोहताना

उन्हाळ्याची सुट्टी लागली की नेसरी परिसरातील मळ्यांतल्या विहिरी पोरांच्या गलक्याने भरून जातात. पाठीला डबा बांधून पोहायला शिकण्याची आपली जुनीच रीत. आता काहींनी घरामागे सिमेंटचा हौदही बांधला आहे. मात्र पाणी फिरते ठेवण्याची सोय बहुधा अपुरीच असते. ‘आमचं पाणी काचेसारखं आहे,’ असे घरधनी सांगतात. पण नितळ पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे.

पाणी फिरत नसेल तर टाकलेले औषध एकाच जागी राहते. कोपरे आणि पायऱ्या तशाच राहतात. तेथे बोटाला बुळबुळीत लागले, की धोक्याची पहिली खूण समजावी. अशा पाण्यातून जुलाब, कान वाहणे, डोळे येणे असे विकार होतात. केरळात 2024 आणि 2025 मध्ये गोड्या पाण्यातील अमिबा नाकावाटे मेंदूत शिरून काही रुग्ण दगावले. हा आजार क्वचित होतो, पण बहुधा प्राणघातक ठरतो.

मग काय करावे? हौद 15 फूट लांब, 10 फूट रुंद आणि पाणी 4 फूट असेल, तर ते सुमारे 17 हजार लिटर भरते. त्याला ताजी टीसीएल पावडर साधारण 100 ग्रॅम लागते. ती बादलीभर पाण्यात कालवून निवळू द्यावी. वरची निवळी संध्याकाळी हौदाच्या चारी कडांनी ओतावी. उन्हात क्लोरीन लवकर उडून जातो. नंतर मोटारीने एका टोकाच्या तळाचे पाणी उचलून दुसऱ्या टोकाला तासदोन तास सोडावे. सकाळी तपासणी संचाने क्लोरीन पाहावा. तो लिटरमागे 1 ते 3 मिलिग्रॅम असेल तरच मुलांना उतरू द्यावे. पावडर कोरड्या जागी, झाकून ठेवावी आणि आम्लात कधीही मिसळू नये. विषारी वायू निघतो.

आठवड्यातून एकदा भिंती, कोपरे ब्रशने घासावेत. आंघोळ करूनच पाण्यात उतरावे, कारण घाम व लघवी क्लोरीन खाऊन टाकतात. डोळे झोंबवणारा उग्र वास त्यांच्या संयोगातूनच येतो. जुलाब झालेल्या मुलाला पाण्यात सोडू नये. तळ स्पष्ट दिसत नसेल तर कोणीच उतरू नये. बुडणारे मूलही मग दिसत नाही.

सुट्टी संपली की हौद रिकामा करून कोरडा ठेवावा. नाहीतर पोरांची हौस फिटते आणि डेंग्यूच्या डासांची सोय होते!