बाटलीतला अशोक खरा की खोटा?

दसऱ्याच्या तोरणातली ती लांबट, नागमोडी काठाची पानं सीताअशोकाची नव्हेतच! पुण्यात काय, बंगळुरूत काय, सोसायटीच्या कंपाउंडलगत सरळसोट उभा दिसतो तो सीताफळाच्या कुळातला खोटा अशोक. पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर आयुर्वेद ज्याची साल सांगतो, तो सीताअशोक चिंचेचा भाऊबंद. कोवळी पालवी तांबूस आणि लोंबती, केशरी फुलांचे गुच्छ थेट खोडा-फांद्यांवर. या फुलांना पाकळ्याच नसतात, बरं का! रंग दिसतो तो निदलांचा.

झाडं ओळखणं सोपं. साल वाळून तिचे तुकडे झाले की मात्र भलेभले चकतात. म्हणून बंगळुरूच्या कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह बाजारातल्या सालीची डीएनए तपासणीच केली. 2016 मध्ये निष्कर्ष छापून आले: 25 नमुन्यांपैकी 80 टक्क्यांहून जास्त बनावट! मला हा आकडा संतापजनक वाटतो. दुखणं बाईचं, पैसे तिचे आणि पदरात भलत्याच झाडाची साल. खरा अशोक जंगलात विरळ झालाय, साल ओरबाडली की झाडच मरतं, आणि मागणी काही थांबत नाही.

बाटलीत मिळणाऱ्या अशोकारिष्टात या सालीच्या काढ्याबरोबर गूळ आणि धायटीची फुलं असतात. फुलांमुळे काढा आंबतो आणि आपसूक मद्यार्क तयार होतो. बाटलीवर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. याच दुखण्यावरचं पुष्यानुग चूर्ण मधात कालवून वर तांदळाचं धुवण प्यायचं, ही जुनी रीत. बंगळुरूच्या ग्रंदिगे अंगडीत, म्हणजे तिथल्या काष्ठौषधींच्या दुकानात, यासाठी लोध्राची सालही मिळते. या सगळ्यामागे परंपरा मोठी. मोठ्या चाचण्यांचा भक्कम पुरावा मात्र अजून नाही.

रक्तस्राव आटोक्यात आणायला डॉक्टर देतात ती ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडची गोळी जपानची. उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी 1962 मध्ये ती जगापुढे आणली.

एका पाळीत 80 मिलिलीटरपेक्षा जास्त रक्त जाणं म्हणजे अतिस्राव. मापून कोण बघणार? तासा-दोन तासाला पॅड भिजतंय, मोठ्या गाठी पडतायत, सात दिवस उलटले तरी थांबत नाही, एवढं पुरे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. तेव्हा काढा उकळत बसण्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि सोनोग्राफी करून घ्या. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा डाग दिसला, तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा.