मोटारसायकल ट्रायल्स

मोटारसायकल ट्रायल्स : खडक, ओढ्यांची पात्रे, चिखल, झाडांची मुळे, उभे चढ-उतार अशा नैसर्गिक किंवा मुद्दाम रचलेल्या अडथळ्यांवरून पाय जमिनीला न टेकविता मोटारसायकल नेण्याचा क्रीडाप्रकार. ही वेगाची शर्यत नव्हे. चालकाचा तोल, वाहनावरील ताबा व मार्ग हेरण्याची दृष्टी यांची ती परीक्षा असते. वाहन बहुधा माणसाच्या चालण्याच्या वेगाने, कित्येकदा त्याहूनही सावकाश चालते. त्यामुळे या खेळासाठी लागणारी मोटारसायकल, तिचे भाग आणि चालकाची संरक्षक साधने ही इतर मोटारसायकल क्रीडांपेक्षा पुष्कळच वेगळी असतात. नवशिक्याच्या हातून होणाऱ्या चुकांपैकी बऱ्याच चुका हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे होतात.

स्पर्धेचे स्वरूप : स्पर्धेचा मार्ग अनेक टप्प्यांत विभागलेला असतो. प्रत्येक टप्प्याच्या दोन्ही बाजूंच्या सीमा दोन वेगळ्या रंगांच्या खुणांनी दाखवितात व तेथे एक निरीक्षक उभा असतो. टप्पा पाय न टेकता पार केल्यास दोषांक शून्य, एकदा पाय टेकल्यास एक, दोनदा टेकल्यास दोन आणि तीन वा अधिक वेळा टेकल्यास तीन दोषांक मिळतात. पडणे, सीमेबाहेर जाणे किंवा टप्पा अपुरा सोडणे यांस पाच दोषांक असतात. सर्वांत कमी दोषांक असणारा चालक विजयी ठरतो. स्थानिक स्पर्धांत एकाच टप्प्यातून सोपे व कठीण असे निरनिराळे मार्ग आखलेले असल्याने नवशिका आणि मुरलेला चालक एकाच दिवशी, एकाच जागी भाग घेऊ शकतात.

इतिहास : प्रारंभीच्या काळात मोटारसायकलींच्या टिकाऊपणाची कसोटी घेण्यासाठी ब्रिटनमध्ये अशा चाचण्या होत व त्यांवरूनच खेळाला हे नाव पडले. स्कॉटलंडमधील ‘स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल’ या स्पर्धेची परंपरा १९०९ पासूनची आहे. यॉर्कशरमधील ‘स्कॉट ट्रायल’ आल्फ्रेड अँगस स्कॉट यांनी १९१४ मध्ये आपल्या कारखान्यातील कामगारांसाठी सुरू केली. दुसऱ्या महायुद्धानंतरही बराच काळ रस्त्यावरील वाहनातच फेरफार करून ते या स्पर्धांत वापरले जाई. भारतीय वाचकांस परिचित असलेल्या रॉयल एन्फील्ड बुलेटचा इतिहासही या खेळाशी निगडित आहे. मागील चाकास झुलती भुजा व धक्काशोषक असलेले तिचे प्रायोगिक नमुने १९४८ मध्ये इंग्लंडमधील ट्रायल्समध्ये उतरविण्यात आले. जॉनी ब्रिटन यांनी रॉयल एन्फील्डवर १९५२ व १९५७ साली स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली.

या क्षेत्रातील मोठे स्थित्यंतर १९६४-६५ मध्ये घडले. उत्तर आयर्लंडचे सॅमी मिलर यांनी ५०० घ. सेंमी. वर्गाच्या एरियल मोटारसायकलीचे वजन सतत घटवीत नेऊन तीवर अनेक स्पर्धा जिंकल्या होत्या. १९६४ च्या अखेरीस ते स्पेनमधील बुल्ताको या कंपनीकडे गेले व तेथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली टू-स्ट्रोक म्हणजे दोन धावांचे, २४४ घ. सेंमी. एंजिन असलेली ‘शेर्पा टी’ ही हलकी गाडी तयार झाली. १९६५ मध्ये मिलर यांनी तीवर स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली. जड व मोठ्या एंजिनाच्या गाड्यांचे युग त्यानंतर झपाट्याने संपुष्टात आले. पहिली जागतिक अजिंक्यपद मालिका १९७५ मध्ये झाली आणि ती मार्टिन लॅम्पकिन यांनी बुल्ताकोवर जिंकली. स्पेनचे टोनी बोऊ यांनी २००७ ते २०२४ या काळात प्रत्येक वर्षी हे अजिंक्यपद चार धावांच्या माँटेसा गाडीवर मिळविले. शक्तीपेक्षा हलकेपणा व नियंत्रण श्रेष्ठ, हा या इतिहासाचा निष्कर्ष असून नवशिक्याच्या निवडीलाही तोच लागू पडतो.

वाहनाची रचना : आधुनिक ट्रायल्स मोटारसायकलीचे वजन सु. ६५ ते ७५ किग्रॅ. असते. चालक सर्व वेळ उभा असल्याने तीवर बैठक नसते, असलीच तर नाममात्र असते. पेट्रोलच्या टाकीत २ ते ३ लिटर इंधन मावते. पुढील चाक २१ इंची व मागील १८ इंची असते. जमिनीपासूनची उंची बरीच असून एंजिनाखाली जाड ढालपट्टी बसविलेली असते. खडकावर गाडी टेकली, तर सर्व भार या पट्टीवर येतो. हँडल दोन्ही बाजूंस पुष्कळ वळते, त्यामुळे अगदी लहान वर्तुळात गाडी फिरविता येते. एंजिन अत्यंत कमी फेऱ्यांवरही न अडखळता चालावे अशी त्याची आखणी असते आणि खालचे गिअर फार सावकाश गतीचे असतात. वेग कमी असल्याने वाऱ्याने एंजिन थंड होत नाही. म्हणून द्रवाने थंड होणाऱ्या गाड्यांत तापमान वाढताच आपोआप सुरू होणारा पंखा असतो.

या वैशिष्ट्यांमुळे अन्य प्रकारची मोटारसायकल या खेळास पर्याय ठरत नाही. मोटोक्रॉसची गाडी हलकी असली, तरी तिची शक्ती वरच्या फेऱ्यांत एकाएकी उसळते व ती उंच बैठकीभोवती रचलेली असते. रॉयल एन्फील्डने २०१९ मध्ये भारतात ‘बुलेट ट्रायल्स’ नावाच्या गाड्या विक्रीस आणल्या होत्या. जुन्या स्पर्धा-गाड्यांची आठवण म्हणून त्यांना ते रूप दिलेले होते. परंतु त्या १८० किग्रॅ.हून अधिक वजनाच्या, रस्त्यावर चालविण्याच्या गाड्या होत्या. नाव किंवा बाह्यरूप यांवरून निवड करणे कसे फसवे ठरते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

नवशिक्यासाठी निवड : प्रौढ नवशिक्याने सामान्यतः २०० ते २५० घ. सेंमी. एंजिनाची, शक्ती सौम्यपणे देणारी गाडी घ्यावी. ३०० घ. सेंमी.च्या टू-स्ट्रोक गाड्यांची ओढ जोरदार असते. थ्रॉटलची मूठ नकळत किंचित जास्त पिळली गेली, तरी गाडी हातातून निसटते. उलटपक्षी, १२५ घ. सेंमी.ची गाडी किशोरवयीन व हलक्या चालकास योग्य असली, तरी वजनदार प्रौढाला चढावर तिचे एंजिन सतत वरच्या फेऱ्यांत ठेवावे लागते व क्लचचे काम वाढते. लहान मुलांसाठी १२, १६ व २० इंची चाकांच्या विजेच्या गाड्या मिळतात. त्यांचा वेग पालकांना मर्यादित करता येतो आणि आवाज होत नसल्याने सरावाची जागा मिळणेही सुकर होते. मात्र काही विजेच्या गाड्यांना क्लच नसतो. पुढे एंजिनाच्या गाडीकडे वळू इच्छिणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, कारण क्लचवरील बोटाची सफाई हाच ट्रायल्सचा पाया आहे.

पहिली गाडी वापरलेली घेण्यास हरकत नाही. या गाड्या सावकाश चालतात, पण पडतात वारंवार. तेव्हा किती अंतर चालली यापेक्षा ती कशी सांभाळली गेली हे पाहावे. फूटरेस्टच्या जोडांजवळ सांगाड्याला तडे, खोलवर चेपलेली ढालपट्टी, सपाट झालेली रिम, सैल आरे, पुढील चिमट्यातून गळणारे तेल आणि मागील भुजेच्या धारव्यांतील म्हणजे बेअरिंगांतील खेळ हे दोष प्रथम तपासावेत. गिअरपेटीतील तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी वा शीतक मिसळले आहे असे समजावे. एंजिन गरम झाल्यावर पंखा सुरू होतो की नाही आणि क्लच पूर्ण दाबला असता गाडी पुढे सरकते का, हेही पाहावे. मागे दोन धक्काशोषक असणाऱ्या जुन्या गाड्या सौम्य व शिकण्यास चांगल्या असतात. परंतु त्यांचे सुटे भाग मिळतात याची खात्री आधी करून घ्यावी.

सुटे भाग व जुळवणी : टायर हा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. ट्रायल्सच्या टायरचे रबर मऊ, भिंती लवचिक व नक्षी चौकोनी ठोकळ्यांची असते. मागील टायर बहुधा ट्यूबविरहित असतो. त्यातील हवेचा दाब दर चौ. इंचास ४ ते ५ पौंड, म्हणजे सु. ०·३ किग्रॅ. प्रती चौ. सेंमी. एवढाच ठेवतात. पुढील टायरमध्ये तो किंचित अधिक, ६ ते ७ पौंड असतो. एवढ्या कमी दाबामुळे टायर खडकावर पसरतो व पकड घेतो. नेहमीच्या दाबमापकावर हे आकडे नीट वाचता येत नाहीत, म्हणून कमी दाबाचा स्वतंत्र मापक घ्यावा. इतक्या कमी हवेवर गाडी वेगाने पळविणे मात्र धोक्याचे असते.

क्लच व ब्रेक यांचे लिव्हर एका बोटाने दाबता येतील अशा रीतीने बसवावेत. त्यांच्या पकडी अगदी आवळू नयेत. गाडी पडल्यावर लिव्हर मोडण्याऐवजी जागच्या जागी फिरला पाहिजे. हँडलची उंची व कोन उभ्या स्थितीत ठरवावेत. गाडी अजूनही चपळ वाटत असल्यास पुढील दंतचक्र एका दाताने लहान करणे, सावकाश उघडणारी थ्रॉटलची नळी बसविणे किंवा एंजिनाच्या प्रचक्रास म्हणजे फ्लायव्हीलला जादा वजन जोडणे हे स्वस्त व परिणामकारक उपाय आहेत. धक्काशोषकांच्या स्प्रिंगा चालकाच्या वजनास साजेशा असाव्यात. हवेची गाळणी वेळोवेळी धुऊन तेलात भिजवावी. जवळ जादा लिव्हर, स्पार्क प्लग व साखळीची जोडकडी बाळगावी. टिटॅनियमचे बोल्ट किंवा हलक्या धातूंचे शोभेचे भाग यांवर नवशिक्याने खर्च करण्याचे कारण नाही.

सुरक्षेच्या दृष्टीने दोन भाग अपरिहार्य होत. पहिला, मनगटाला दोरीने जोडलेला चुंबकीय बंदक. चालक गाडीपासून दूर फेकला जाताच दोरी ओढली जाऊन बंदक सुटतो व एंजिन थांबते. पडताना माणूस हातातील मूठ अधिकच घट्ट धरतो व थ्रॉटल उघडा राहतो. अशी मोकाट गाडी चालकावर वा प्रेक्षकांवर जाऊ शकते. आंतरराष्ट्रीय व अनेक देशांच्या नियमांत हा बंदक सक्तीचा आहे. तो जोडलेला नसताना एंजिन चालू करू नये आणि प्रत्येक सरावापूर्वी दोरी ओढून तो चालतो याची परीक्षा घ्यावी. दुसरा, मागील दंतचक्र व साखळीचे आवरण. फिरत्या दंतचक्रात बोटे सापडून ती तुटल्याचे अपघात या खेळात घडलेले आहेत. त्यामुळे भोके बुजविलेले दंतचक्र व साखळी जेथे त्याला भिडते तेथील संरक्षक पाते वापरतात. एंजिन चालू ठेवून साखळी साफ करणे किंवा तिला तेल देणे कटाक्षाने टाळावे.

संरक्षक साधने : ट्रायल्सचे हेल्मेट उघड्या तोंडाचे व हलके असते. चालकाला पुढील चाकाखालचा दगड दिसला पाहिजे व दमल्यावर श्वास मोकळा राहिला पाहिजे, म्हणून अशी रचना करतात. मात्र त्यात हनुवटीला संरक्षण नसते. वेगाच्या खेळांना ते उपयोगी नाही. हेल्मेट मान्यताप्राप्त मानकाचे असावे. युरोपात ईसीई २२ व भारतात आयएस ४१५१ ही मानके प्रचलित आहेत. पट्टा बांधून डोके हलविले असता हेल्मेट स्वतंत्रपणे फिरता कामा नये. जोराचा आघात झालेले हेल्मेट वरून धड दिसले, तरी पुन्हा वापरू नये. दुसऱ्याने वापरलेले हेल्मेट विकत घेऊ नये, याचे कारणही हेच आहे.

हेल्मेटच्या खालोखाल महत्त्व बुटांना आहे. पाय गाडी व खडक यांत चिमटण्याचे प्रसंग नेहमी येतात. ट्रायल्सचे बूट घोटा व नडगी झाकतात, परंतु घोट्यात वाकतात आणि त्यांच्या तळव्यांना खोल खाचा असतात. मोटोक्रॉसचे बूट अधिक ताठ असल्याने फूटरेस्टवरील तोल पायाला जाणवत नाही. साधे कापडी बूट घालून सराव करणे धोक्याचे आहे. हातमोजे पातळ असावेत, म्हणजे लिव्हरचा स्पर्श कळतो. गुडघे व नडग्यांची कवचे नवशिक्याने अवश्य वापरावीत. कोपर व पाठ यांची कवचे खडकाळ भागात इष्ट असतात. युरोपात या कवचांसाठी ईएन १६२१ हे मानक आहे. विजार फार सैल नसावी, कारण ती फूटरेस्टमध्ये अडकून ऐन वेळी पाय काढता येत नाही. साधन कितीही चांगले असले, तरी ते हालचालीस अडथळा करीत असेल तर चालक ते घरी ठेवू लागतो. तेव्हा विकत घेण्यापूर्वी ते अंगावर चढवून, गुडघे वाकवून व कमरेत झुकून पाहावे.

खर्चाचा क्रम व सराव : पैसा मर्यादित असल्यास तो प्रथम हेल्मेट व बूट, नंतर बंदक, दंतचक्राचे आवरण, ब्रेक व टायर यांवर खर्च करावा आणि उरलेल्या रकमेत बसेल ती गाडी घ्यावी. प्रत्यक्षात बहुतेक लोक याच्या उलट करतात. गाडीवर सर्व रक्कम खर्च होते व संरक्षक साधने पुढच्या महिन्यावर ढकलली जातात. नवशिका सर्वांत जास्त पडतो तो मात्र पहिल्या महिन्यातच.

सरावाची सुरुवात सपाट जमिनीवर लहान वर्तुळे काढण्यापासून करावी व नंतर ओंडके, बुटके दगड, शेवटी उंच पायऱ्या घ्याव्यात. एकट्याने सराव करू नये. उंच अडथळ्यावर गाडी धरण्यासाठी साहाय्यक उभा असावा आणि त्यानेही हेल्मेट घालावे. जमीनमालकाची परवानगी घेणे, तसेच पिके व ओढ्यांचे काठ यांची नासधूस टाळणे हे या खेळाचे अलिखित नियम आहेत. दिवे, आरसे वा नोंदणी नसलेली स्पर्धेची गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालविता येत नाही. ती दुसऱ्या वाहनातून सरावाच्या जागी न्यावी लागते.

या खेळापासूनच पुढे सायकल ट्रायल्स हा स्वतंत्र क्रीडाप्रकार निर्माण झाला. स्पेनमध्ये मोटारसायकल ट्रायल्सच्या चालकांनी मुलांच्या पूर्वतयारीसाठी सायकलींचा उपयोग केल्याने त्यास चालना मिळाली. त्यात २० व २६ इंची चाकांच्या सायकली वापरतात. ज्याला मोटारसायकलीचा खर्च झेपत नाही, त्याला तोल व मार्ग हेरण्याचे प्राथमिक शिक्षण सायकलीवरही चांगले मिळू शकते. मात्र तेथेही हेल्मेट व नडगीचे कवच आवश्यकच असते.