कवीचे दप्तर

छापील पुस्तकातील कविता वाचताना ती कवीच्या मनातून पूर्ण होऊनच कागदावर उतरली असावी, असे आपणांस वाटते. वस्तुतः असे क्वचितच घडते. एक ओळ लिहावी, ती खोडावी, तिच्यावर दुसरी लिहावी, चार दिवसांनी तीही काढून टाकावी, असा खटाटोप पुष्कळ दिवस चालतो आणि मग कविता सिद्ध होते. पुस्तक छापून हाती आले म्हणजे ही खाडाखोडीची पाने निरुपयोगी झाली, असे कोणालाही वाटेल. परंतु अशा पानांनाच एखादा देश आपले धन मानतो. आयर्लंडमधील कवी शेमस हीनी ह्यांच्या कागदपत्रांची हकीकत ह्या दृष्टीने जाणून घेण्यासारखी आहे.

हीनी ह्यांचा जन्म १३ एप्रिल १९३९ रोजी उत्तर आयर्लंडमध्ये, बेलाही गावाच्या परिसरातील मॉसबॉन नावाच्या शेतवाडीवर झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत थोरले. वडील शेती करीत आणि गुरांचा व्यापारही करीत. गवताने शाकारलेले लहानसे घर, अंगणातील पाण्याचा पंप, बटाट्याची शेते आणि भोवतालची दलदल, हे त्यांच्या बालपणाचे जग होते. त्या दलदलीतील काळी माती विटांसारखी कापून वाळवीत आणि हिवाळ्यात सरपण म्हणून जाळीत. वयाच्या बाराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून हीनी डेरी शहरातील निवासी शाळेत गेले. पुढे बेलफास्टच्या विद्यापीठात त्यांनी शिक्षण पूर्ण केले व ते शिक्षक झाले. १९६६ साली त्यांचा पहिला मोठा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यातील पहिल्याच कवितेत वडिलांच्या हातातील कुदळ आणि स्वतःच्या हातातील लेखणी त्यांनी शेजारी ठेवली आहेत. शेतातील श्रम आणि लेखनातील श्रम ही त्यांना परकी वाटली नाहीत. १९९५ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अशा नामवंत लेखकाच्या हस्तलिखितांना जगात मोठी मागणी असते. अमेरिकेतील श्रीमंत विद्यापीठे लेखकांची दप्तरे मोठमोठ्या रकमा देऊन विकत घेतात. अनेक आयरिश लेखकांची कागदपत्रे ह्याच मार्गाने अटलांटिक महासागराच्या पलीकडे गेली आहेत. तेथे ती सुरक्षित राहतात, हे खरे. परंतु ज्यांच्या भूमीत ती लिहिली गेली, त्यांना ती पाहण्यासाठी समुद्र ओलांडावा लागतो. हीनी ह्यांचा पत्रव्यवहारही २००३ साली जॉर्जिया राज्यातील एमरी विद्यापीठात गेला. परंतु कवितांची हस्तलिखिते डिसेंबर २०११ मध्ये त्यांनी डब्लिन येथील आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला देणगी म्हणून दिली. ती विकली असती तर भरपूर पैसा मिळाला असता. तो मोह टाळून त्यांनी घरातील खोकी भरली आणि स्वतः ग्रंथालयात नेऊन दिली.

ह्या देणगीचे मोल कळण्यासाठी आयर्लंडच्या इतिहासातील एक दुःखद प्रसंग ध्यानात घेतला पाहिजे. डब्लिनमधील ‘फोर कोर्ट्‌स’ ह्या न्यायालयांच्या आवारात देशाचे सार्वजनिक दप्तरखाने होते. तेराव्या शतकापासूनचे दस्तऐवज, मृत्युपत्रे, जुन्या शिरगणतीच्या नोंदी आणि चर्चमधील जन्ममृत्यूच्या वह्या तेथे साठविल्या होत्या. १९२२ साली आयर्लंडमध्ये यादवी युद्ध पेटले आणि ३० जून रोजी प्रचंड स्फोट होऊन ते दप्तरखाने भस्मसात झाले. जळालेल्या कागदांचे तुकडे शहरभर उडत राहिले. असंख्य सामान्य कुटुंबांच्या पूर्वजांची नावे त्या एका दिवसात पुसली गेली. इतर संग्रहांत उरलेल्या नकलांच्या आधारे त्या नोंदी पुन्हा जुळविण्याचा मोठा प्रयत्न पुढे सुरू झाला आणि २०२२ साली, शंभर वर्षांनंतर, असा जुळविलेला संग्रह संगणकाद्वारे सर्वांस खुला करण्यात आला. कागद गेला म्हणजे काय जाते, हे ह्या देशाला अनुभवाने ठाऊक आहे.

राष्ट्रीय ग्रंथालयाची स्थापना १८७७ साली झाली. हीनी ह्यांनी तेथे दिलेल्या कागदपत्रांत १९६३ पासून २०१० पर्यंतचे लेखन आहे. हाताने लिहिलेले कच्चे खर्डे, टंकलिखित प्रती, दुरुस्त्या केलेली मुद्रिते आणि वह्या, असे त्यांचे नाना प्रकार आहेत. अशी कागदपत्रे हाती आली म्हणजे संग्रहालयातील जाणत्यांचे काम सुरू होते. गंज चढणाऱ्या टाचण्या काढून टाकतात. ज्यांतील आम्लामुळे कागद पिवळा व ठिसूळ होणार नाही, अशा वेष्टनांत पाने ठेवतात. प्रत्येक जुडग्याला क्रमांक देऊन सविस्तर सूची तयार करतात. सूचीवाचून दप्तर म्हणजे किल्लीवाचून कुलूप होय. अभ्यासकाला ती पाने वाचता येतात, मात्र टिपणे शिसपेन्सिलीनेच घ्यावी लागतात. शाईचा एक थेंबही मूळ पानावर पडता कामा नये, हा त्यामागील हेतू.

ह्या पानांचा लाभ केवळ विद्वानांसाठी नाही. २०१८ साली ग्रंथालयाने डब्लिनच्या मध्यवस्तीत ह्या कागदपत्रांचे प्रदर्शन मांडले आणि ते सर्वांस विनामूल्य खुले ठेवले. एवढ्या मोठ्या कवीलाही शब्दासाठी अडावे लागत असे, लिहिलेले खोडावे लागत असे, हे तेथे येणाऱ्या शाळकरी मुलांनाही स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आले.

३० ऑगस्ट २०१३ रोजी हीनी ह्यांचे डब्लिन येथे निधन झाले. त्यांना बेलाही गावातील चर्चच्या आवारात पुरण्यात आले. त्या गावानेही आपल्या कवीची स्मृती जपली. उत्तर आयर्लंडमध्ये १९६८ च्या सुमारास सुरू झालेला रक्तरंजित कलह तीस वर्षे चालला. त्या काळात तटबंदी असलेले पोलीस ठाणे जेथे उभे होते, त्याच जागेवर २०१६ साली ‘होमप्लेस’ नावाचे केंद्र उघडण्यात आले. ते तेथील स्थानिक परिषद चालविते. कुटुंबीयांनी दिलेली त्यांची पुस्तके व वापरातील वस्तू, जुनी छायाचित्रे आणि कवीच्या स्वतःच्या आवाजातील काव्यवाचन तेथे पाहावयास व ऐकावयास मिळते. कवितांत आलेली माणसे आणि ठिकाणे त्याच परिसरातील आहेत. त्यामुळे गावकऱ्यांना ते केंद्र आपल्याच घराचे दप्तर वाटले तर नवल नाही.

अशा रीतीने हस्तलिखिते राजधानीत आणि आठवणी जन्मगावी, अशी दोन्हीकडे कवीची ठेव सुरक्षित आहे. कागद हा अत्यंत दुबळा पदार्थ आहे. आग, पाणी, वाळवी आणि माणसाची अनास्था हे त्याचे शत्रू होत. परंतु जिव्हाळ्याने जपला आणि सर्वांस खुला ठेवला, तर हाच दुबळा कागद माणसांच्या पिढ्यांहूनही अधिक काळ टिकतो आणि एका माणसाचे श्रम साऱ्या समाजाच्या मालकीचे करून ठेवतो.