दहा थाऊची हेराल्ड

पुण्याहून सोलापूरला येताना मोहोळ मागे पडलं की शहराच्या अलीकडे चिंचोळी एमआयडीसी लागते. बालाजी अमाइन्ससारखे रसायनांचे कारखाने इथे आहेत आणि ओतकामाचेही आहेत. गाड्यांचा नाद असलेल्या माणसाची नजर मात्र प्रिसिजन कॅमशाफ्ट्सच्या पाटीवर थांबते. १९९२ साली सोलापुरात सुरू झालेली ही कंपनी २०१६ मध्ये शेअर बाजारात आली. जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई, मारुती, टाटा अशा मोठ्या नावांना तिनं कॅमशाफ्ट पुरवले आहेत.

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनातला हातभर लांबीचा दांडा. त्यावर ठरावीक कोनांत अंडाकार उंचवटे असतात, तेच कॅम. कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती उघडायचा आणि केव्हा मिटायचा, हे सगळं त्या उंचवट्यांच्या आकारात लिहिलेलं असतं. ओतकामात साच्यामध्ये कॅमच्या जागी धातूचे ‘चिल’ बसवतात. लोखंडाचा रस त्यांना भिडला की तिथल्या तिथे झपाट्यानं थंड होतो आणि तेवढाच पृष्ठभाग झिजेला दाद न देण्याइतका कडक होतो. आतला गाभा सावकाश निवतो आणि लेथवर कापता येईल इतका मऊ राहतो. एवढ्या निगुतीनं घडवलेला हा शाफ्ट आजच्या गाडीत झाकणाखाली जातो, आणि गाडी भंगारात निघेपर्यंत मालकाला त्याचं दर्शन घडत नाही.

व्हॉल्व्ह, रॉकर, पुशरॉड यांच्याशी मालकाची घरोब्याची ओळख असायची, तो काळ फार जुना नाही. त्या काळातली एक गाडी अशी आहे, की तिची आठवण निघाली की निम्मे लोक नाक मुरडतात आणि उरलेले खुर्ची पुढे ओढून बोलायला लागतात. ती म्हणजे स्टँडर्ड हेराल्ड.

सरकारनं पन्नासच्या दशकात धोरण ठरवलं, की नुसते सुटे भाग आणून गाडी जोडणाऱ्यांना इथे थारा नाही, भाग इथेच बनवायला हवेत. मुंबईत १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सनं १९५४ मध्ये गाशा गुंडाळला, फोर्डनंही तेच केलं. मोटारगाडी घेऊ पाहणाऱ्यापुढे मग मुख्यतः तीन नावं उरली. उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. ॲम्बेसेडरला सरकारी कचेऱ्यांनी सांभाळलं, फियाटला मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी. स्टँडर्डला असा कुणी वाली मिळाला नाही. आज जुन्या गाड्यांच्या गप्पांत पहिल्या दोघींवर तासन्‌तास जातात आणि तिसरीचं नाव ‘हो, ती पण होती’ एवढ्यावर आटोपतं.

हेराल्डचा जन्म अडचणीतून झाला. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड मोटर कंपनीला गाडीची बॉडी फिशर अँड लुडलो ही कंपनी बनवून देत असे. १९५३ मध्ये ती प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशननं विकत घेतली आणि स्टँडर्डची पंचाईत झाली. त्या वेळी सगळीकडे चेसिस आणि बॉडी एकजीव असलेल्या मोनोकॉक गाड्यांचं वारं वाहत होतं. पण अख्खी बॉडी एका ठिकाणी दाबून देणारा कुणी हाताशी नव्हता. तेव्हा मुख्य इंजिनिअर हॅरी वेब्स्टर यांनी घड्याळाचे काटे मागे फिरवले. चेसिस वेगळी ठेवायची, बॉडीचे तुकडे वेगवेगळ्या कारखान्यांतून करून आणायचे आणि नट-बोल्टनं जोडायचे. त्या तुकड्यांना रूप दिलं तुरीनच्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी. एप्रिल १९५९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ‘ट्रायम्फ हेराल्ड’ लोकांपुढे आली, आपल्याकडची स्टँडर्ड हेराल्ड ती हीच.

नाइलाजानं घेतलेल्या या निर्णयातच तिच्या चाहत्यांच्या प्रेमाचं मूळ आहे. हेराल्डचं बॉनेट उघडलं, की दोन्ही मडगार्ड आणि दिव्यांसकट गाडीचं अख्खं नाक पुढे कलतं. समोर उघडं पडतं ते इंजिन, रेडिएटर, स्टिअरिंगचा रॅक, पुढचं सस्पेन्शन, सगळंच. पुढच्या टायरवर बूड टेकवून काम करता येतं. कंबर वाकवून, अंधारात बोटांनी नट चाचपत बसायची गरज नाही. पुढची चाकं इतकी वळतात, की गाडी जेमतेम पंचवीस फुटांच्या वर्तुळात फिरते. सोलापुरातल्या नवी पेठेसारख्या दाटीच्या भागात याचं मोल काय, ते तिथे गाडी घातलेल्या कुणालाही विचारा.

मद्रासमध्ये स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी १९४८ सालीच उभी राहिली होती. शहराबाहेर वंडलूरजवळच्या तिच्या कारखान्यातून आधी व्हॅनगार्ड, मग स्टँडर्ड टेन अशा गाड्या निघाल्या. १९६१ मध्ये हेराल्ड आली ती टेनचंच ९४८ सीसीचं इंजिन घेऊन. त्याच वर्षी इंग्लंडमधली हेराल्ड ११४७ सीसीवर गेली आणि १९६७ मध्ये १२९६ वर. मद्रासवाल्यांनी मात्र शेवटपर्यंत ९४८ सोडलं नाही. फियाट १०८९ आणि ॲम्बेसेडर १४८९ सीसीची, म्हणजे तिघींत हेराल्ड सर्वांत अशक्त. पण त्या दोघींचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर होता, तर हिचा खाली, हाताशी, स्पोर्ट्स कारसारखा. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन होतं, तेही त्या दोघींकडे नव्हतं. साठच्या दशकाच्या अखेरीस मद्रासवाल्यांनी हेराल्डला चार दरवाजेही दिले. इंग्लंडनं ती चार-दरवाजी हेराल्ड कधी बनवलीच नाही.

तक्रारी होत्या आणि त्या खोट्या नव्हत्या. सगळ्यात मोठी मागच्या चाकांची. हेराल्डच्या मागे एक आडवा पाटा आणि दोन बाजूंना झुलणारे अर्धे ॲक्सल होते. घरची सहा माणसं आणि वर ट्रंक-वळकट्या चढल्या, की मागची चाकं खालून बाहेर फाकायची आणि टायर आतल्या कडेनं झिजायचे. वेगात वळण घेताना घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, तर बाहेरचं चाक बॉडीखाली दुमडायचं आणि मागची बाजू टुणकन उचलली जायची. घाटात एकदा ज्यांना हा अनुभव आला, त्यांनी पुढे हेराल्डचं नाव काढलं नाही. शिवाय बोल्टनं जोडलेली बॉडी काही वर्षांत कुरकुरायला लागते. एकसंध ॲम्बेसेडरमध्ये जो खड्डा पोटात जिरायचा, तो हेराल्डच्या प्रत्येक सांध्यातून ऐकू यायचा.

या आरोपांवर चाहत्यांचं उत्तर एकच असतं. वळणाआधी वेग कमी करा, वळणात पाय हलका ठेवा आणि नट कसत राहा. पहिली दोन पथ्यं कुठलाही चांगला चालक पाळतोच. तिसरं मात्र गाडीशी नातं जोडायला लावणारं आहे. हे नातं कसं असतं, ते टॅपेट लावताना सगळ्यात चांगलं कळतं.

हेराल्डचा कॅमशाफ्ट इंजिनच्या ब्लॉकमध्ये, खाली असतो. टायमिंग चेननं तो क्रँकशाफ्टला जोडलेला. कॅमवर बसलेले टॅपेट पुशरॉडना वर ढकलतात, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्हला खाली दाबतो. इंजिन गार असताना रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधली फट दहा थाऊ हवी. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, कुठल्याही वर्कशॉपातल्या टर्नरच्या बोलण्यातला शब्द. फट जास्त झाली तर इंजिन टकटकतं. कमी झाली तर तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि हळूहळू जळतो.

वरचं कव्हर काढलं की आठ रॉकर ओळीनं दिसतात. आता प्रश्न असा, की कुठला व्हॉल्व्ह केव्हा लावायचा? त्याला जुन्या मेकॅनिकांचा नऊचा हिशेब आहे. पहिला व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला असेल तेव्हा आठवा लावायचा, तिसरा दाबलेला असेल तेव्हा सहावा, दुसऱ्यावर सातवा, चौथ्यावर पाचवा. बेरीज कायम नऊ. इंजिन हातानं थोडं थोडं फिरवायचं, लॉकनट सैल करायचा, फीलर गेजची दहा थाऊची पाती फटीत सरकवायची आणि स्क्रू पिळत जायचं. पाती अडायला नको, सुळकन निसटायलाही नको, जराशी चिकटून सरकली की बरोबर. मग स्क्रू जागेवर धरून लॉकनट आवळायचा आणि पुन्हा एकदा पाती घालून बघायची, कारण नट आवळताना फट हमखास हलते. चाहत्यांना हेच काम सगळ्यात प्रिय असतं. त्याला बुद्धी लागते, बोटांची समज लागते आणि शेवटी इंजिनाचा आवाज खाली बसला की मेहनतीचा निकाल कानांनी ऐकता येतो.

सोलापूरकराला यातलं गणित परकं वाटायचं कारण नाही. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक. साध्या यंत्रमागातही नेमकं हेच प्रमाण असतं. वरचा क्रँकशाफ्ट दोनदा फिरतो तेव्हा खालचा शाफ्ट एकदा, आणि त्याच्यावरचे कॅम धोट्याला एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून फेकतात. वह्या, म्हणजे ताण्याचे धागे ओवलेल्या चौकटी, उचलणाऱ्या कॅमलाही मागावर टॅपेटच म्हणतात. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या या गावात कॅम आणि टॅपेट हे शब्द मोटारीच्या कारखान्यांच्या कितीतरी आधी पोचले होते. चिंचोळीत आज कॅमशाफ्ट घडतात ते माग आणि लेथ सांभाळणाऱ्या हातांच्या गावात, हे लक्षात घेतलं की तो कारखाना आभाळातून पडलेला वाटत नाही.

हेराल्ड जाणणारा आणि न जाणणारा ओळखायची आणखी एक खूण आहे. पुढच्या चाकाच्या खालच्या सांध्यात पितळी रंगाचा ट्रनिअन असतो, स्टिअरिंगचा उभा खांब त्यात आट्यांवर फिरतो. ‘सांध्याला ग्रीस’ ही आपल्याकडची सर्वमान्य समजूत. पण या सांध्याला गिअरचं जाड तेल द्यायचं असतं. ग्रीस आट्यांमध्ये पोचत नाही, वाळून बसतं, आत गंज धरतो आणि एके दिवशी खांब तुटून चाक आडवं पडतं. चाहते ग्रीसगनमध्ये नव्वद नंबरचं तेल भरून ठेवतात आणि पाहुण्या मेकॅनिकला त्या चाकाजवळ फिरकू देत नाहीत. हेराल्ड नाजूक असल्याची जी बोलवा झाली, तिच्यात डिझाइनचा दोष होताच, पण चुकीच्या वंगणाचा वाटाही मोठा होता.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीनं याच गाडीला नवा चेहरा देऊन ‘गॅझेल’ आणली. मागचे झुलते ॲक्सल काढून तिथे सरळ, अखंड ॲक्सल बसवला. ग्राहकांचं आणि मेकॅनिकांचं म्हणणं तिनं ऐकलं, पण उशिरा. १९७७ मध्ये गॅझेल थांबली. इंग्लंडमध्ये १९६३ मध्येच मोटारींवरून पुसलं गेलेलं स्टँडर्ड हे नाव मद्रासनं त्यानंतरही जपलं. १९८५ मध्ये रोव्हरच्या बॉडीत व्हॅनगार्डच्या घराण्यातलं जुनाट इंजिन घालून स्टँडर्ड २००० काढली. महाग, खादाड आणि मारुतीच्या जमान्यात आलेली ती गाडी १९८८ पर्यंतच टिकली. मोटारींचा कारभार तिथेच संपला आणि हेराल्ड पोरकी झाली.

तरीही ती तग धरून आहे, याचं श्रेय तिच्या सोयरिकीला. हेराल्डच्या चेसिसच्या धाटणीवर आणि त्याच इंजिनाच्या वंशावर ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार निघाली आणि १९८० पर्यंत बनत राहिली. स्पिटफायर जगभर लाडकी असल्यानं ट्रनिअनपासून गॅस्केटपर्यंत पुष्कळ भाग इंग्लंडमध्ये आजही नव्यानं बनतात. १९७७ मध्ये स्थापन झालेला तिथला ट्रायम्फ स्पोर्ट्स सिक्स क्लब या सगळ्या भावंडांना धरून आहे. खरी अडचण येते ती खास भारतीय भागांची. चार-दरवाजी हेराल्डचा मागचा दरवाजा लंडनमध्ये शोधून सापडणार नाही. तो इथल्याच भंगारात मिळायचा, नाहीतर पत्रा ठोकून घडवायचा.

कायदाही आता थोडा मदतीला आला आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा व्हिंटेज नंबर मिळतो. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. रोजच्या वापराला परवानगी नाही, प्रदर्शन आणि रॅलीला आहे. जुन्या हेराल्ड या वयात बसतात. शेवटच्या गॅझेल २०२७ मध्ये पन्नाशी गाठतील. अट मूळ रूपाची असल्यानं, ९४८ चं इंजिन काढून दुसरं बसवण्याचा मोह आता अंगाशी येऊ शकतो.

कुणाला हेराल्ड घ्यायचीच असेल, तर रंग आणि क्रोम शेवटी बघावं. आधी गाडीखाली आडवं होऊन चेसिसच्या बाजूच्या पट्ट्या स्क्रूड्रायव्हरनं टोचून पाहाव्यात. बॉडीचा कुठलाही तुकडा बदलता येतो, पण चेसिस कुजली असेल तर खर्चाला अंत नाही. मग बॉनेट कलवून ट्रनिअन तेलकट आहेत का ते बघावं, त्यावरून आधीच्या मालकाची पारख होते. आणि फीलर गेज हातात धरायचा कंटाळा असेल, तर या गाडीच्या वाटेला जाऊच नये. तो कंटाळा नसेल, तर लोकांनी ॲम्बेसेडर आणि फियाटचे भाव चढवून ठेवले आहेत, याबद्दल त्यांचे आभारच मानावेत.