शांत बाळाचे अर्थशास्त्र

‘आमचे बाळ फार गुणी! रडत म्हणून नाही. दुधालासुद्धा जागे करावे लागते,’ हे कौतुक आपल्या घरांतून नेहमी ऐकू येते. माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या खेड्यातील घरीही काही वर्षांपूर्वी ते झाले होते. जन्मानंतरची कावीळ तीन आठवडे रेंगाळली, शौचास दोन-दोन दिवस होईना, रडणे घोगरे झाले. परंतु ज्या रुग्णालयात प्रसूती झाली, तेथे ‘होईल ठीक’ एवढेच उत्तर मिळाले. दीड वर्षाची होऊनही मुलगी आधाराशिवाय बसेना, तेव्हा कोणीतरी रक्त तपासले. गळ्यातील अवटू, अर्थात थायरॉइड, ग्रंथी जन्मतःच निकामी होती. औषध सुरू झाले, मुलगी चालू लागली. बोलणे आणि समज मात्र मागेच राहिली.

या ग्रंथीतून स्रवणारे थायरॉक्सिन हे संप्रेरक पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूच्या वाढीस अपरिहार्य असते. आईचे संप्रेरक गर्भाला काही प्रमाणात मिळत असल्यामुळे अशी बहुतेक बाळे जन्मतः अगदी निरोगी दिसतात. निष्णात डॉक्टरचीही नजर येथे फसते. रक्त मात्र फसत नाही. थायरॉइड मंद पडली की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी तिला चेतवण्यासाठी टीएसएच हे द्रव्य भरमसाट सोडू लागते. जन्मानंतर पहिल्या दिवशी ते प्रत्येक बाळात वाढलेले असते, म्हणून दोन दिवस उलटल्यावर टाचेतून रक्ताचे काही थेंब टीपकागदासारख्या जाड कागदावर घेऊन ते मोजतात. आईला लवकर घरी सोडायचे असेल, तर नाळेतील रक्तही चालते. कॅनडातील क्यूबेक प्रांतात जाँ दुसो यांनी १९७० च्या दशकात ही सामुदायिक चाचणी व्यवहारात आणली. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाल्यास बहुतेक मुले इतरांसारखीच वाढतात. आणि गोळी तरी कितीची? एक-दोन रुपयांची.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पाच महानगरांत एक लाखाहून अधिक नवजात बालकांची तपासणी केली, तेव्हा ११३० बालकांमागे एकास हा विकार आढळला. देशात वर्षाला सुमारे २ कोटी ३० लाख जन्म होतात, हे ध्यानी घेतले म्हणजे प्रतिवर्षी वीस हजार बालकांचा हा प्रश्न आहे. चाचणीस दोनशे रुपये धरले, तर एक बालक हुडकण्यास सव्वादोन लाख लागतील आणि सगळ्या देशाचा खर्च ४६० कोटींवर जाईल. एवढ्या पैशात कुपोषण का हटवू नये, असा आक्षेप आमच्याच शास्त्रातील मंडळी घेतील. आक्षेप क्षुल्लक नाही. परंतु सव्वादोन लाखांच्या समोर एका माणसाची साठ वर्षांची मिळकत आणि त्याला सांभाळण्यासाठी घरात अडकून पडलेल्या आईचे श्रम मांडावे लागतात. हे श्रम आमच्या राष्ट्रीय उत्पन्नात मोजलेच जात नाहीत, ही गोष्ट निराळी!

बरे, हे काम बाजारावर सोपवावे, तर तेही साधत नाही. मागणी निर्माण व्हायला गरज जाणवावी लागते आणि येथे तर बाळ हसत-खेळत दिसत असते. शहरातील महागड्या प्रसूतिगृहांत ही चाचणी बिलात आपोआप समाविष्ट होते. ज्यांना विकार झाल्यास तो परवडणारच नाही, त्यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही.

अशाच प्रसंगी शासनाने काय करावे, याचा धडा आपल्याच देशात आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून प्रयोग करून आयोडीनयुक्त मिठाने गलगंड हटतो, हे दाखविले. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला. मीठ घेताना कोणी गरज जाणवण्याची वाट पाहिली नाही. अर्थात ग्रंथीच घडली नसेल, तर मिठाचा उपयोग नाही. तेथे चाचणीच हवी. गोव्याने नवजात बालकांच्या तपासणीचा कार्यक्रम २००८ मध्ये सुरू केला होता. महाराष्ट्रात पालघर येथे २०१३ मध्ये ज्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचे उद्घाटन झाले, त्याच्या तीस आजारांच्या यादीत हा विकार आहे खरा, पण ‘ऐच्छिक’ म्हणून! ऐच्छिक या शब्दाचा सरकारी अर्थ वाचकांस सांगायला नको.

खरी अडचण प्रयोगशाळेची नसून वेळेची आहे. कागदावरचा थेंब जिल्ह्याला जाणे, अहवाल परतणे, खात्रीची दुसरी तपासणी होऊन गोळी हातात पडणे, हे सारे चौदा दिवसांत व्हायला हवे. त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचे कारण नाही. प्रसूती रुग्णालयात झाली, तरी आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी बाळाला घरी जाऊन पाहावे, असा नियम आजही आहे. सातव्या दिवशी तिच्या हाती अहवाल असला, तर आठवडा शिल्लक उरतो. माझ्या विद्यार्थ्याच्या घरीही ती वेळेवर आली होती. तिने बाळाचे वजन केले, ताप पाहिला आणि ‘बाळ शांत आहे’ असे सांगून ती पुढच्या घरी गेली.