यादीतील मुले

शिक्षकांनी ज्या मुलाला हुशार मानले ते बहुधा पुढे जाते, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. पण ते शिक्षकांच्या अपेक्षेमुळे पुढे गेले असे म्हणता येईल का? मूल मुळातच हुशार असेल आणि शिक्षकांनी ते अचूक हेरले असेल, तरीही नेमके हेच दिसेल. कारण कोणते व परिणाम कोणता हे नुसत्या निरीक्षणातून ठरत नाही. त्यासाठी प्रयोगच करावा लागतो.

रॉबर्ट रोझेन्थाल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी सुरुवात केली ती उंदरांपासून. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात १२ विद्यार्थ्यांना प्रत्येकी ५ उंदीर दिले होते. निम्म्यांना सांगितले, तुमचे उंदीर भुलभुलैयातून वाट काढण्यात पिढीजात तरबेज आहेत. उरलेल्यांना सांगितले, तुमचे मठ्ठ आहेत. वास्तविक सगळे उंदीर सारखेच होते. तरीही 'तरबेज' उंदरांची कामगिरी सरस ठरली. उंदरांचे असे, तर मुलांचे काय? रोझेन्थाल यांचा लेख वाचून कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका लिनोर जेकबसन यांनी त्यांना पत्र लिहिले आणि आपली शाळा प्रयोगासाठी देऊ केली.

१९६४ च्या उन्हाळ्यापूर्वी त्या शाळेत मुलांची बुद्धिमापन चाचणी घेण्यात आली. 'येत्या वर्षात कोणती मुले झपाट्याने प्रगती करतील हे या चाचणीवरून कळते', असे शिक्षकांना सांगितले होते. ते खरे नव्हते. नव्या वर्षाच्या आरंभी पहिली ते सहावीच्या शिक्षकांना अशा मुलांची एक यादी मिळाली. यादीत साधारण २० टक्के मुले होती. ती निवडली होती यादृच्छिक संख्यांच्या कोष्टकावरून, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी.

सारे मर्म या चिठ्ठ्यांत आहे. हुशारी, घरची परिस्थिती, तब्येत, पाठांतर यांपैकी कशाचाही निवडीशी संबंध नव्हता. मुले पुरेशी असली, तर हे सगळे घटक दोन्ही गटांत जवळजवळ सारखे वाटले जातात. ज्यांचा विचार आपल्या मनातही आला नाही असे घटकसुद्धा. मग फरक उरतो तो एकच : शिक्षकांच्या मनातला. (शिक्षकांना 'मठ्ठ' मुलांची यादी मात्र दिली नाही. उंदरांच्या बाबतीत जे चालते ते मुलांच्या बाबतीत चालत नाही.)

वर्षअखेरीस पुन्हा चाचणी झाली. यादीतील मुलांचा बुद्ध्यंक सरासरी १२.२ गुणांनी वाढला होता. केवढी वाढ! पण यादीबाहेरच्या मुलांचाही ८.४ गुणांनी वाढला होता. चाचणीचा सराव, वर्षभराचे शिक्षण यांचा लाभ सर्वांनाच होणार. तुलनेसाठी दुसरा गट नसता, तर सगळे १२ गुण अपेक्षेच्या खात्यावर जमा झाले असते. खरा फरक ३.८ गुणांचा. तोही मुख्यतः पहिली-दुसरीत. पहिलीत तो १५ गुणांचा होता, तर तिसरीपासून पुढे यादीचा फायदा दिसलाच नाही.

१९६८ मध्ये हा प्रयोग पुस्तकरूपाने आला आणि फार गाजला. आक्षेपही लगेच आले, आणि ते वाचण्यासारखे आहेत. पहिलीत यादीतील मुले होती अवघी ७. इतक्या थोड्या मुलांत एकदोघांच्या गुणांनी सरासरी डळमळते. चिठ्ठ्यांची जादू लहान गटात चालत नाही. रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी आकड्यांतच बोट घातले. एका तुकडीतील १९ मुलांचा तर्कशक्तीच्या भागातला पूर्वचाचणीचा बुद्ध्यंक सरासरी ३१ निघाला होता! १०० हा सर्वसाधारण बुद्ध्यंक. ३१ बुद्ध्यंकाचे मूल नेहमीच्या वर्गात बसून शिकूच शकणार नाही, मग अख्खी तुकडी कशी असेल? अर्थ उघड आहे : ती चाचणी त्या वयाच्या मुलांना कळलीच नव्हती. मोजपट्टीच वाकडी असेल, तर वाटणी कितीही निर्दोष असून काय उपयोग? आणखी एक गोष्ट. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना यादी ठाऊक नव्हती हे चांगलेच झाले, पण चाचणी घेत होते वर्गावरचे शिक्षक, आणि यादी त्यांच्याच हातात दिलेली होती.

मग अपेक्षेचा परिणाम खोटा का? तसेही नाही. १९८४ मध्ये स्टीफन राउडेनबुश यांनी अशा १८ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा एक लक्षणीय गोष्ट आढळली. शिक्षक मुलांना दोन आठवड्यांहून अधिक काळ ओळखत असतील, तर बाहेरून दिलेल्या यादीचा परिणाम जवळजवळ शून्य होता. शिक्षक मुलांना पुरते ओळखत नव्हते, तेथेच परिणाम दिसला. तेव्हा असा प्रयोग आपल्याकडच्या शाळेत करायचा झाला, तर यादी जूनमध्ये शाळा उघडताच द्यावी लागेल. दिवाळीनंतर दिलेली यादी शिक्षक वाचतील आणि बाजूला ठेवतील, कारण तोवर प्रत्येक मुलाविषयी त्यांची स्वतःची यादी तयार झालेली असेल. ती यादी मात्र चिठ्ठ्या टाकून केलेली नसते. म्हणून तिचा परिणाम किती आणि तिच्यातला अचूक अंदाज किती, हे वेगळे काढणे अजूनही अवघडच आहे.