बहात्तराव्या हिश्श्यातली फट

कल्याणजवळच्या मोहन्यात सेल्युलोज शाळेच्या पुस्तकातून आलं नाही, नाकातून आलं. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी एनआरसीच्या, कारखान्यात लाकडाचा लगदा यायचा. तो कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, त्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करायची, तयार झालेलं दाट व्हिस्कोज बारीक छिद्रांतून आम्लाच्या टाकीत सोडायचं, की रेयॉनचा धागा हाती. कार्बन डायसल्फाइड म्हटलं की वास आलाच. २००९ साली कारखाना बंद पडला. कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा लढा त्यानंतर वर्षानुवर्षं चालला. तो विषय वेगळा आणि मोठा आहे. इथे एनआरसी आठवायचं कारण त्यामानाने किरकोळ: प्लॅस्टिकच्या छोट्या विमानांचा छंद सुरू झाला तो सेल्युलोजपासून, आणि तुकडे एकमेकांत नीट बसत नाहीत ही त्या छंदातली जुनी तक्रारही तेव्हापासूनची.

१९३६ च्या नाताळच्या सुमारास इंग्लंडमधल्या ‘फ्रॉग’ या खेळणी-ब्रँडने ‘पेंग्विन’ नावाची मालिका बाजारात आणली. रबरबँडवर उडणारी विमानं फ्रॉग आधीपासून विकत होतीच. ही नुसती जोडून कपाटात ठेवायची. विमानाचे तुकडे सेल्युलोज अॅसिटेटचे होते, म्हणजे मोहन्यात ज्याचा धागा व्हायचा त्याच सेल्युलोजवर वेगळी रासायनिक प्रक्रिया करून बनवलेल्या प्लॅस्टिकचे. प्रमाण १/७२. खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे मॉडेलचा एक इंच. फूट-इंचांत विचार करणाऱ्या इंग्रजांना हे सोयीचं होतं आणि मेट्रिक जगातही ते टिकलं. अॅसिटेटचा दोष हा की ते मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं द्रव्य हळूहळू निघून जातं. मग प्लॅस्टिक आकसतं, पंख वाकतात, सांधे सुटतात. त्या काळातले खोके आज संग्राहकांना मिळतात, तेव्हा आतले तुकडे बऱ्याचदा वेडेवाकडे झालेले असतात.

युद्धानंतर पॉलिस्टायरीन आलं आणि आजही बहुतेक किटं त्याचीच असतात. ते कडक, स्वस्त आणि विद्रावकात विरघळणारं आहे. या शेवटच्या गुणामुळे किटचा ‘गोंद’ खरं तर चिकटवत नाही. तो दोन्ही कडा वितळवतो आणि त्या एकजीव होऊन सुकतात. पण पॉलिस्टायरीनही साच्यात थंड होताना साधारण ०.४ ते ०.७ टक्के आकसतं. डायमेकर तेवढा साचा मोठा करतो. तरीही जाड भाग सावकाश थंड होतो, पातळ भाग लवकर, आणि जाड जागी पृष्ठभाग आत ओढला जाऊन खळगा पडतो. साच्याचे दोन भाग जुने झाले की त्यांच्यामधून प्लॅस्टिक बाहेर येतं आणि तुकड्याच्या कडेला पातळ पदर उरतो. हे भाग एकमेकांवर नीट बसले नाहीत तर गोल दांडीसुद्धा मधोमध पायरी घेऊन बाहेर येते. डोंबिवलीच्या एमआयडीसीत इंजेक्शन मोल्डिंगवर काम केलेल्या कोणालाही यात नवं काही वाटणार नाही. बादलीत किंवा डब्यात असा दोष खपून जातो, विमानात नाही. बादली बादलीच्याच मापाची असते. १/७२ मध्ये पंखाच्या मुळाशी अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली, तर खऱ्या विमानावर ती ३६ मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ दीड इंचाची. तशा विमानात कोणी वैमानिक बसेल का?

मग करायचं काय? टेबलावर फिटरचे संस्कार लागतात, आणि मोहन्यासारख्या कारखान्याच्या गावात ते परके नाहीत. पहिली गोष्ट म्हणजे गोंदाची बाटली दूर ठेवून सगळं जुळवून पाहणं. घाई करणारा इथेच फसतो. तुकडे ज्या दांड्यांना जोडलेले येतात त्या रनरपासून ते ओढून तोडायचे नाहीत, ब्लेडने कापायचे आणि कापल्या जागेचा खुंट सपाट करायचा. निम्म्या ‘न बसणाऱ्या’ सांध्यांचं कारण हा खुंटच असतो. नंतर जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवायचा आणि विमानाच्या धडाचा प्रत्येक अर्धा भाग त्यावर गोल-गोल फिरवायचा. कानशीने घासलं तर कड गोलवते, काचेवर सपाट राहते. धड वाकलं असेल तर गरम पाण्यात धरून हाताने सरळ करायचं. उकळत्या पाण्यात मात्र नाही, तिथे ते लोळागोळा होतं.

लहान कारखान्यांच्या किटांत दोन भाग जुळवायच्या खुंट्याही नसतात. अशा वेळी धडाच्या आतल्या कडेला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे छोटे तुकडे आलटून पालटून चिकटवायचे, म्हणजे समोरचा अर्धा त्यांच्या आधाराने जागेवर बसतो. नाकापासून शेपटीपर्यंत एकदम गोंद लावायचा नाही. दोन सेंटिमीटर लावा, टेप मारा, सुकू द्या, पुढे सरका. पंखाच्या मुळाशी फट दिसली की हात आपोआप पुट्टीकडे जातो. मला विचाराल तर पुट्टी हा शेवटचा उपाय. धड आतून अरुंद असतं म्हणून पंख दूर राहतो. अशा वेळी रनरचा एक दांडका मोजून कापायचा आणि धडाच्या पोटात आडवा ठोकायचा. भिंती अर्धा-पाऊण मिलिमीटर बाहेर सरकतात आणि फट नाहीशी होते. पंखांची टोकं वरून टेपने एकमेकांकडे ओढून ठेवली तर वरच्या बाजूची फटही मिटते. एवढं करूनही जागा उरली तर पॅकिंग: पातळ प्लॅस्टिकची चकती सरकवायची, विद्रावक सोडायचा, सुकल्यावर जादा कापायचं. पॅकिंग कुठून आणायचं? सीडीचे जुने पारदर्शक डबे पॉलिस्टायरीनचेच असतात. त्यांच्यापासून दिव्यांच्या काचाही छान होतात. जुनी बँक कार्डं मात्र वापरू नयेत. ती पीव्हीसीची असतात आणि किटच्या गोंदाने त्यांचा भरवशाचा सांधा होत नाही.

पुट्टी लागलीच तर इथला सगळ्यात सोपा माल म्हणजे गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडची एनसी पुट्टी. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज. पुन्हा तेच घराणं! तिच्यातला थिनर पॉलिस्टायरीनला किंचित खातो, म्हणून पकड चांगली येते; पण थिनर उडून जाताना पुट्टी आकसते आणि आज सपाट केलेली जागा आठवड्याने खोलगट झालेली दिसते. म्हणून पातळ थर, आणि दोन थरांत अंतर. खोल फटीसाठी फेविक्विक आणि टाल्कम पावडर यांचं मिश्रण बरं. ते आकसत नाही. फक्त तासाभरात घासून टाकायचं. उद्यावर ठेवलंत तर ते बाजूच्या प्लॅस्टिकपेक्षा कडक होतं आणि कानस मऊ प्लॅस्टिकच तेवढं खाऊन टाकते.

पावसाळ्यात यावर आणखी एक संकट. लॅकरचा थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड करतो, हवेतला ओलावा तिथे जमतो आणि रंग दुधाळ पांढरा पडतो. उल्हास नदीच्या काठी जुलै-ऑगस्टमध्ये स्प्रे मारणाऱ्याला हे सांगायला नको. गॅरेजवाला त्यात रिटार्डर, म्हणजे सावकाश उडणारा थिनर, घालतो. मॉडेलवाल्याने ते महिने सरळ घासकामाला द्यावेत.

राखाडी प्रायमर हा परीक्षक. सांध्याची रेघ, कागदाचा ओरखडा, राहिलेली पायरी, सगळं तो दाखवतो. आणि नेमकं भारतीय हवाई दलाचं विमान करायचं असेल तर परीक्षा जास्त कडक, कारण १९६० च्या दशकातली आपली नॅट आणि मिग-२१ ही लढाऊ विमानं बरीचशी उघड्या धातूच्या चकाकत्या रूपात होती. हिरव्या-तपकिरी रंगाखाली पापं झाकली जातात. चांदीखाली ती दुप्पट दिसतात.

हे सगळे उपाय जगभरचे छंदी लोक करतात. पण त्यांच्यातले अनुभवी लोक शेवटी एक सल्ला देतात: एवढा त्रास कशाला, त्याच विमानाचं चांगलं किट घ्या. स्पिटफायर करणाऱ्याला हा सल्ला परवडतो. एअरफिक्सने आपली पहिली स्पिटफायर १९५३ मध्ये काढली आणि पुढच्या प्रत्येक पिढीसाठी नवा साचा केला. तमिया, हासेगावा, एदुआर्द या कंपन्यांच्या वेगळ्याच. पोलादी साचा महाग असतो. त्यातून लाखांच्या घरात तुकडे निघाले तरच तो फिटतो, आणि तेवढ्या स्पिटफायर खपतात. ज्या विमानाची मागणी थोडी, त्याचा साचा मऊ धातूचा किंवा एपॉक्सीचा. त्यातून थोडेच नग निघतात, कडा लवकर झिजतात, खुंट्या नसतात. म्हणजे किट किती नीट बसतं यावरून ते विमान जगाला किती हवं आहे हे कळतं. कारागिराच्या निष्काळजीपणाला आपण उगाच शिव्या घालतो.

भारताची विमानं या कसोटीवर लावून पाहा. मोहन्याला लागून असलेल्या आंबिवलीवरून जाणारी कसाऱ्याची लाइन पुढे घाट चढून नाशिकला जाते. तिथल्या ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) कारखान्यात १९६० च्या दशकापासून मिग-२१ बांधली गेली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगडला हवाई दलाने या विमानाला निरोप दिला. पण मिग-२१ जगात दहा हजारांहून जास्त बनली, पन्नासेक देशांनी वापरली. त्यामुळे तिची किटं उत्तम आहेत. एदुआर्दचं १/४८ प्रमाणातलं किट घेतलं तर पुट्टीची डबी उघडायची फारशी गरज पडू नये.

नॅट एक पायरी खाली. १९६५ च्या युद्धात आणि २२ नोव्हेंबर १९७१ ला पूर्व पाकिस्तानच्या सीमेवर बोयऱ्याला लढली ती एकआसनी नॅट. एअरफिक्सने १९६० च्या दशकात काढली ती मात्र ब्रिटिशांची दोनआसनी प्रशिक्षण-नॅट, ‘रेड अॅरोज’च्या कवायतींतली. मागचं आसन बुजवलं की आपली नॅट झाली, असं नाही. प्रशिक्षण-नॅटचा पंखच मोठा. दोन टोकांमधलं अंतर जवळजवळ दोन फूट जास्त, म्हणजे १/७२ मध्ये सुमारे आठ मिलिमीटर. एकआसनी नॅटची आणि तिच्यावरून एचएएलने केलेल्या अजितची किटं पुढे चेक कंपन्यांनी काढली, ती अर्थात छोट्या साच्यांची.

दुसऱ्या महायुद्धातलं व्हल्टी व्हेंजन्स हे बॉम्बफेकी विमान तर जगाच्या आठवणीतूनच गेलेलं. भारतीय हवाई दलाच्या सात आणि आठ नंबरच्या स्क्वॉड्रननी ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर उडवलं. त्याचं किट फ्रॉगने काढलं होतं. १९७० च्या दशकात फ्रॉग बुडाली, तिचे बरेच साचे सोव्हिएत संघात गेले आणि ‘नोवो’ नावाने तिथून माल येऊ लागला. साचे असे देशोदेशी फिरतात आणि दर मुक्कामी थोडे झिजतात. म्हणून खोक्यावरचं नवं चित्र बघून भुलू नये. आतला साचा आपल्या वडिलांच्या वयाचा असू शकतो.

आपल्याकडे याला किमतीचीही जोड आहे. खेळणी आणि प्रमाणबद्ध मॉडेल्स सीमाशुल्काच्या एकाच शीर्षकाखाली येतात. त्यावरचं शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. गंमत अशी की गेल्या दशकात एअरफिक्सच्या कितीतरी खोक्यांवर ‘मेड इन इंडिया’ छापलेलं होतं. स्पिटफायर भारतात ओतल्या जात होत्या आणि इंग्लंडमध्ये जोडल्या जात होत्या. एवढं शुल्क भरून आलेलं वाकडं किट कोणी टाकून देत नाही. ते घासलंच जातं.

आणि मारुत? एचएफ-२४ मारुत, भारतात आखलेलं पहिलं जेट लढाऊ विमान, १७ जून १९६१ ला उडालं. एकूण १४७ बनली. त्याचा आराखडा कुर्ट टांकचा. याच माणसाने त्याआधी जर्मनीत फोके-वुल्फ १९० आखलं होतं. त्या विमानाची किटं मोजत बसलं तर दिवाळी अंकाची पानं पुरणार नाहीत: सगळी प्रमाणं, सगळ्या कंपन्या, दर काही वर्षांनी नवा साचा. त्याच हाताने बंगळुरूत आखलेलं मारुत तमियाने काढलं नाही, हासेगावाने नाही, एअरफिक्सने नाही. ज्याला ते हवं त्याने छोट्या कारखान्याचं रेझिनचं किट शोधावं, नाहीतर स्वतः लाकडाचा ठोकळा कोरावा, प्लॅस्टिकचा पत्रा तापवून त्यावर दाबावा आणि दोन अर्धे कापून काढावेत. त्या पत्र्याला खुंटी नसते, रेघ नसते, खळगाही नसतो. जी कड तुम्ही घासाल तीच विमानाची कड.

कोरायला सुरुवात करण्यापूर्वी खरं विमान पाहून यावं, आणि ते आपल्याला जवळ आहे. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक मारुत ठेवलेलं आहे. नाकासमोरून फोटो सगळेच काढतात. मॉडेलवाल्याने पंखाच्या मुळाशी, हवा आत घेणाऱ्या तोंडाशी आणि शेपटीच्या सांध्याशी काढावेत, बाजूला एखादी मापाची पट्टी धरून. आंबिवलीहून दादर, तिथे लाइन बदलून महालक्ष्मी. रविवारी मेगाब्लॉक असतो, तेव्हा शनिवारी जाणं बरं.